साखळी क्रमांक एकशे चौदा

डाव्या कालव्यावर मी सव्वीस वर्षं मोजणीदार.
पाथरीच्या पुढं, जिथं पाणी पुरुषभर खाली पडतं
आणि पडल्यावर लाजून परत वर येऊ बघतं,
तिथं माझी पत्र्याची खोली, पिवळी पट्टी, नोंदवही.
सकाळी आठ : सातशे वीस क्युसेक.
संध्याकाळी सहा : सातशे पाच.
पाणी मी आकड्यातच पाहिलं.
लाट असा रकाना वहीत नव्हता.

इलियास तांबोळी मंगळुराकडच्या किनाऱ्यावर
दोन वर्षं तंदूर सांभाळायला होता.
आला तेव्हा ट्रॅव्हल्सच्या टपावर लांबलचक फळी,
नाकाशी मोडलेली, पांढऱ्या कापडात गुंडाळलेली.
स्टँडवरच्या लोकांनी गुमान वाट दिली.
एकानं हळूच विचारलं, घरचं कोण रे?

चार दिवस तो माझ्या भिंतीवर बसून होता.
म्हटलं, काय बघायलास?
म्हणाला, काका, ये तो खडी है.
पाणी जायलंय, लाट जागेवरच हाय.
सव्वीस वर्षं ती माझ्यासमोर उभी
आणि मी तिला एकदाही बस म्हटलं नव्हतं.

मग विडी विझेपर्यंत सांगत बसायचा :
हे खूळ निघालं कुठल्याशा बेटांवरून.
धोतराला चिकटून गोखरू गावोगाव जावं
तसं ते माणसांच्या अंगाला चिकटून गेलं.
जर्मनीत एका बागेतल्या ओढ्यावर उभे राहतात,
कुठं दाढीत बर्फ घेऊन,
कुठं तेलाच्या जहाजामागं उठलेल्या लाटेवर.
मी विचारलं, आणि मराठवाड्यात?
म्हणाला, इथं अजून कुणी पडलेलं नाही.

पहिल्या दिवशी सतरा वेळा पडला.
मोजायची सवय; समासात पेन्सिलीनं लिहिलं.
दुसऱ्या दिवशी एकवीस.
शाखा अभियंत्यांना कळलं तेव्हा मी म्हणालो,
पोरगं पट्टी साफ करायलंय, साहेब.

अनुसया परसे, भोयांची.
युरियाच्या गोणीत शिवलेल्या थर्माकोलवर बसून
धरणात जाळं टाकणारी.
नातेवाइकाकडं आली होती, काठावर थांबली,
तंबाखू खाली टाकून म्हणाली,
नुसतं उभंच राहायचंय ना?
लुगड्याचा काचा आवळला, फळीवर पाय ठेवला.
मी घड्याळ पाहिलं. एक्कावन्न सेकंद.
पाणी तिच्या पायाखालून परभणीकडं गेलं,
ती पाथरीतच राहिली.
इलियासचं तोंड उघडं ते उघडंच.
कसं जमलं, तर म्हणे,
जाळं फेकताना ढळून कसं चालंल?

मग पोरं आली. फ्रिजचं मोडकं दार,
कॅरमचा फुगलेला बोर्ड,
आणि एकानं तर वाढदिवसाचं फ्लेक्स
थर्माकोलला गुंडाळून आणलं.
कुणी शुभेच्छुक पालथे पडून, दात दाखवत,
आठवडाभर लाटेवर तरंगत होते.

आवर्तन संपलं. गेट खाली आलं.
पट्टीवर शून्य.
समुद्राची लाट म्हणे किनाऱ्यावर येऊन फुटते.
आमची फुटली नाही. हळूहळू खाली बसली,
दमलेल्या बाईसारखी, आणि बसल्याजागी दिसेनाशी झाली.
तळात एक चप्पल, चार खेकडे, कॅरमची राणी.
इलियासनं फळी माझ्या खोलीत उभी केली.
अनुसया धरणावर परत गेली; निरोप नाही, काही नाही.

मी श्रावणात निवृत्त झालो.
जाताना वहीत पट्टीनं एक रकाना जास्तीचा आखला,
वर काहीच लिहिलं नाही. लिहायचं तरी काय?

काल नव्या पोराचा फोन.
काका, पाणी सुटलंय. हा शेवटचा रकाना कशाचा?
काय भरू?
मी विचारलं, किती आहे?
चारशे दहा.
म्हटलं, मग थांब जरा.
सातशेला ती येते.